लॉर्नाबाईंची प्रेमगीते

गोमंतकाने महाराष्ट्राला काय दिले, असा प्रश्न कोणी विचारला, तर ज्याला संगीताचा थोडासा नाद आहे असा मनुष्य क्षणाचाही विलंब न लावता चार नावे सांगेल. मंगेशीचे मास्टर दीनानाथ, केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, आणि भावगीताला घराघरांत नेणाऱ्या ज्योत्स्नाबाई भोळे. ही नावे आपण परक्यांची म्हणून घेत नाही. आपल्याच कुटुंबातील वडीलधाऱ्यांची म्हणून घेतो. त्यात वावगे काहीच नाही. परंतु गोमंतकाच्या घराला दोन अंगणे आहेत, ही गोष्ट मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो. एका अंगणात देवळाचा सभामंडप आहे, दुसऱ्या अंगणात इगर्जीचा, म्हणजे चर्चचा, वाद्यवृंद आहे. पहिल्या अंगणातला प्रत्येक स्वर आपण कौतुकाने उचलला. दुसऱ्या अंगणातले स्वर आपण ऐकले, त्यांच्यावर तालही धरला, पण ते कोणाचे, ही चौकशी केली नाही. आज त्या दुसऱ्या अंगणातल्या एका गायिकेविषयी, आणि तिने कोकणीत गाइलेल्या प्रेमगीतांविषयी, मी बोलणार आहे. तिचे नाव लॉर्ना कॉर्डेरो. आपल्याकडील रिवाजास अनुसरून मी त्यांना लॉर्नाबाई म्हणेन.

लॉर्नाबाईंचा जन्म १९४६ सालचा. घराणे गोव्यातील बार्देशच्या साळगावचे, पण वाढ मुंबईतील. गोव्यात त्यांना 'गोव्याची कोकिळा' म्हणतात, आणि तेथे लग्नाचा मांडव त्यांच्या गाण्यावाचून पुरा होत नाही. असे असताना मी त्यांना दुर्लक्षित का म्हणतो, असे कोणी गोवेकर मला विचारील. माझे उत्तर एवढेच, की सावंतवाडीची वेस ओलांडून आपण घाटावर आलो, की हे नाव जणू पुसले जाते. पुणे, नाशिक, नागपूर येथील संगीतप्रेमी घरांत विचारून पाहावे. आमच्या जालना जिल्ह्यात तर हे अपरिचय समजण्यासारखेच आहे. येथून समुद्र दूर, आणि आमचे कान अंबडच्या दत्तजयंतीच्या संगीतोत्सवात ख्याल ऐकून तयार झालेले. त्यामुळे ही गाणी प्रथम माझ्या हाती आली तेव्हा ती आपल्यासाठी नव्हेत, असेच मला वाटले असते. परंतु ऐकता ऐकता ध्यानात आले, की शब्द जवळजवळ सगळे कळत आहेत, आणि स्वर तर पूर्वी कोठेतरी ऐकलेला आहे. कोठे, ते आधी सांगतो.

पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील प्रत्येक मोठ्या इगर्जीला जोडून एक शाळा असे. तेथे 'मेस्त्री' मुलांना पाश्चात्य स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवीत. उद्देश धार्मिक होता. रविवारच्या उपासनेला गाणारे आणि वाजवणारे हवे होते. पण परिणाम असा झाला, की एका लहानशा मुलुखात स्वरलिपी सहज वाचणाऱ्या वादकांची पिढीमागून पिढी तयार झाली. गोव्यात उदरनिर्वाहाचे साधन तुटपुंजे. म्हणून हे वादक मुंबईस आले. धोबी तलावाच्या परिसरातील आपल्या गावच्या 'कुडीं'मध्ये, म्हणजे सामायिक बिऱ्हाडांमध्ये, राहिले. आणि पोलिसांचे बँड, जहाजांवरील वाद्यवृंद, मूकपटांची थिएटरे, मोठी हॉटेले, जेथे काम मिळेल तेथे वाजवू लागले.

१९३५ साली मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांचा एक ताफा आला. त्याचा नायक लिऑन ॲबी हा व्हायोलिनवादक होता. त्यानंतर टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक आला, हिंदुस्थानातच राहिला, आणि १९४५ साली कलकत्त्यास वारला. ह्या मंडळींकडून गोव्याच्या वादकांनी जॅझ ही विद्या प्रत्यक्ष शेजारी बसून घेतली. आपल्याकडे शिष्य गुरूच्या मागे तंबोरा धरून बसतो, त्यातलाच हा प्रकार. चिक चॉकलेट ह्या नावाने प्रसिद्धीस आलेले ट्रंपेटवादक आंतोनिओ झेवियर वाझ, फ्रँक फर्नांड, आणि नंतर कितीतरी जण ह्याच परंपरेतले.

आता जॅझ म्हणजे काय, हे दोन शब्दांत सांगितले पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेस न्यू ऑर्लिन्स शहरात, गुलामगिरीतून सुटलेल्या समाजाने आपली शेतातली गाणी, आपली भजने आणि लष्करी बँडची वाद्ये एकत्र करून हे संगीत घडविले. त्याचे मर्म उपज करण्यात आहे. चाल ठरलेली, स्वरसंवादांचा क्रम ठरलेला. त्या चौकटीत वादकाने किंवा गायकाने त्या क्षणी जे सुचेल ते मांडावे. ख्याल ऐकणाऱ्याला हे तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. बंदिश ठरलेली आणि विस्तार आपला, हा न्याय दोन्हीकडे सारखाच आहे.

हे संगीत मराठी घरांत आले ते जॅझ ह्या नावाने नव्हे, हिंदी बोलपटांच्या वाटेने आले. १९४९ साली मुंबई इलाख्यात दारूबंदीचा कायदा झाला. हॉटेलांतील रात्रीच्या मैफलींना त्याचा धक्का बसला, आणि वादकांचा ओढा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांकडे वाढला. तेथे त्यांना भेटले आपले रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र. ते पुणतांब्याचे. ज्या गोदावरीच्या तीरावर पुणतांबे वसले आहे, तीच गोदावरी पुढे आमच्या जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेने वाहत जाते. ह्या गोदाकाठच्या माणसाने चिक चॉकलेट ह्यांना हाताशी घेतले, आणि १९५१ च्या 'अलबेला'तील गाण्यांनी सारा देश नाचविला. त्या चित्रपटात चिक चॉकलेट आपल्या साथीदारांसह पडद्यावरही दिसतात. पुढे शंकर-जयकिशन ह्यांच्या गाण्यांमागील वाद्यमेळ सेबास्टियन डिसोझा ह्यांनी बांधला. आणि १९५८ साली अँथनी गोन्साल्विस ह्यांनी हिंदुस्थानी राग व पाश्चात्य वाद्यवृंद ह्यांचा मेळ घालण्याचा स्वतंत्र प्रयोग मुंबईत केला. तात्पर्य, लॉर्नाबाईंच्या गाण्यातील पितळी वाद्यांचा जो झळाळ मला ओळखीचा वाटला, तो आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वाजवणारे तेच होते. फक्त चित्रपटात ते दुसऱ्याच्या गाण्यामागे उभे होते. येथे ते स्वतःच्या भाषेतील गाण्याबरोबर उभे आहेत.

साठीच्या दशकात मुंबईच्या चर्चगेट स्टेशनासमोरील रस्त्यावर संध्याकाळ झाली की एका उपाहारगृहातून ट्रंपेट ऐकू येई, तर पलीकडच्यातून सॅक्सोफोन. ॲस्टोरिया हॉटेलातील 'व्हेनिस' हे त्यांपैकी जॅझवाल्यांचे खास स्थान होते. अमेरिकेचा डेव्ह ब्रुबेक १९५८ साली आणि ड्यूक एलिंग्टन १९६३ साली मुंबईस येऊन गेले होते. त्यांच्या पावलांची धूळ अजून खाली बसली नव्हती. ह्या 'व्हेनिस'मध्ये ख्रिस पेरी ह्यांचा वाद्यवृंद वाजत असे आणि पुढे उभ्या राहून लॉर्नाबाई गात असत. ख्रिस पेरी हे मडगावचे. त्यांचे मूळ आडनाव परेरा, जन्म १९२८ चा. ट्रंपेट आणि सॅक्सोफोन ही दोन भिन्न प्रकृतीची वाद्ये ते सारख्याच अधिकाराने वाजवीत. लॉर्नाबाई त्यांच्याकडे आल्या तेव्हा शाळकरी वय नुकतेच सरलेले होते. हॉटेलात त्या इंग्रजी गाणी गात, कारण तेथील गिऱ्हाईक तेच मागत असे.

आणि येथे ह्या कथेतील महत्त्वाचे वळण येते. पेरी ह्यांनी कोकणीत गीते रचली, त्यांना जॅझ आणि दक्षिण अमेरिकेतील नाचाचे ठेके ह्यांचा साज चढविला, आणि ती लॉर्नाबाईंकडून गाऊन घेतली. आज ही गोष्ट साधी वाटेल. त्या वेळी ती तशी नव्हती. कोकणीत प्रेमगीत नव्हते असे नाही. एकोणिसाव्या शतकापासून गोव्याच्या ख्रिस्ती वाड्यांतील दिवाणखान्यांत 'मांडो' गाइला जात होता. त्याची लय संथ, भाव विरहाचा. मुंबईत १८९२ साली जन्मास आलेल्या 'तियात्र' ह्या नाट्यप्रकारातील 'कांतारां'चीही मोठी परंपरा होती. परंतु हॉटेलातील सुशिक्षित, इंग्रजी बोलणाऱ्या मंडळींच्या दृष्टीने कोकणी ही स्वयंपाकघरातील आणि नोकरचाकरांशी बोलण्याची भाषा. त्या भाषेला ट्रंपेट-सॅक्सोफोनच्या पंक्तीला बसविणे म्हणजे एका अर्थी भाषेचा मान राखणे होते. कोकणीला गोव्याची राजभाषा होण्यास १९८७ साल उजाडावे लागले, आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत ती गेली १९९२ साली. गाण्याने हा मान तिला पंधरा-वीस वर्षे आधीच देऊन टाकला होता.

ही गीते हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीच्या छोट्या तबकड्यांवर सत्तरीच्या दशकाच्या आरंभास घरोघर पोहोचली. सात इंचांची तबकडी, मिनिटाला पंचेचाळीस फेरे, दोन्ही बाजू मिळून चार गाणी, आणि प्रत्येक गाणे सुमारे तीन मिनिटांचे. एवढ्या अवकाशात ख्यालाचा गवई नुकता षड्ज लावून स्थिरावत असतो! लॉर्नाबाईंना त्यातच सर्व काही सांगायचे असे. त्यांच्या पुष्कळ गाण्यांपैकी 'तुझो मोग', 'रेड रोझ', 'पिसो' आणि 'बेबदो' ह्या चार गाण्यांचा एक गुच्छ माझ्या मनाशी मी बांधला आहे. नव्या श्रोत्याने आरंभ येथून करावा. 'मोग' म्हणजे प्रेम, हे सांगावयास नकोच. 'पिसो' म्हणजे वेडा. आपल्या जुन्या कवितेतील 'पिसे लागणे' आठवा, म्हणजे शब्द आपलाच वाटेल. 'बेबदो' म्हणजे दारुडा. प्रेमगीतांच्या गुच्छात दारुडा आणि वेडा कोठून आले, असे कोणास वाटेल. पण हाच ह्या गाण्यांचा विशेष आहे. चांदणे, फुले आणि उसासे ह्यांच्यावरच त्यांची गुजराण होत नाही. ज्या माणसांवर बायका प्रेम करतात ती माणसे जशी असतात तशीच येथे येतात, आणि गाणारी स्त्री त्यांच्याकडे कधी मायेने, कधी थट्टेने, कधी रागाने पाहते.

ही गाणी कशी ऐकावी, हे आता आपल्या परिभाषेत सांगण्याचा प्रयत्न करतो.

पहिली गोष्ट आवाजाची. हिंदी-मराठी सुगम संगीतात गेली सत्तर वर्षे स्त्रीच्या गोड आवाजाची जी कल्पना रूढ झाली आहे, ती बारीक, उंच, कोवळ्या आवाजाची. लॉर्नाबाईंचा आवाज तसा नाही. तो छातीतून येतो, भरीव आहे, खालच्या सप्तकात त्याला किंचित खरखर आहे, आणि वर चढताना तो पातळ न होता रुंद होतो. अशा आवाजात केलेली प्रेमाची कबुली लाजरी राहत नाही. ऐकणाऱ्याला वाटते, की ही बाई आर्जव करीत नसून आपले म्हणणे मांडीत आहे. ज्यांनी केसरबाईंचा खणखणीत, खुला आकार ऐकला आहे त्यांना ह्या मोकळेपणाचे वावडे वाटू नये.

दुसरी गोष्ट लयीची. जॅझमध्ये एका मात्रेचे दोन तुकडे करताना ते समान करीत नाहीत; पहिला लांब आणि दुसरा आखूड असतो. त्यातून जी हेलकावणारी गती निर्माण होते तिला ते 'स्विंग' म्हणतात. आपला दादरा किंवा खेमटा ज्या डौलाने चालतो, त्याच जातीची ही चाल आहे. ह्या गतीवर लॉर्नाबाई शब्द नेमका मात्रेवर टाकीत नाहीत. केस जाईल इतक्या अंतराने मागे राहतात, आणि ओळीच्या शेवटी सहज येऊन मिळतात. समेच्या जवळपास खेळत राहून नेमके समेवर येण्याची ही कला आपल्या श्रोत्याला अपरिचित नाही. फक्त येथे ती तबल्याशी नव्हे, ड्रम आणि बास ह्यांच्याशी खेळली जाते.

तिसरी गोष्ट श्रुतीची. पेटीवर कोमल गंधार आणि शुद्ध गंधार अशा दोन पट्ट्या आहेत. मधली जागा नाही. कृष्णवर्णीय गायकांनी नेमकी ती मधली जागा पकडली, आणि तिच्यातच त्यांच्या संगीतातील व्यथा वसते. लॉर्नाबाई जेव्हा 'नशिबाक रडटां' ह्यासारखे विलंबित गीत गातात, तेव्हा काही स्वर वरून खाली असे निसटत येतात, की ते कोणत्या पट्टीवर आहेत हे सांगता येऊ नये. आपण त्याला मींड म्हणू. नाव कोणतेही द्या. रडणाऱ्या माणसाचा आवाज कोणत्याही देशात पेटीच्या पट्ट्या पाळीत नाही.

चौथी गोष्ट साथीची. आपल्याकडे सारंगी किंवा पेटी गायकाच्या मागून येते. येथे ट्रंपेट मागून येत नाही, ते उलट उत्तर देते. गायिकेची ओळ संपते न संपते तोच ट्रंपेट तिला टोमणा मारते, किंवा तिची समजूत घालते. आणि पुढची ओळ जणू त्या टोमण्याला जबाब म्हणून येते. सवाल-जबाबाच्या फडावर वाढलेल्या मराठी माणसाने एवढे एक सूत्र हाती धरले, तरी ह्या गाण्यांतील अर्धे नाट्य त्याला खुलेल.

येथे दोन आक्षेपांचा विचार केला पाहिजे. जॅझचा कडवा अभ्यासक म्हणेल, की हे शुद्ध जॅझच नव्हे. तीन मिनिटांच्या नाचाच्या गाण्यात उपज कोठे आहे? आणि आपल्याकडील शास्त्रीय संगीताचा अभिमानी म्हणेल, की हे उसने संगीत आहे, देशी मातीतले नाही. पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. सॅक्सोफोनवाल्याने पाव तास विस्तार करावा अशी ही मैफल नव्हे. पण ठुमरी हा ख्याल नव्हे म्हणून सिद्धेश्वरीदेवींना कोणी कमी लेखले नाही. लहान आकृतीत मोठा अर्थ बसविणे ही वेगळी सिद्धी आहे. दुसऱ्या आक्षेपाला उत्तर आपल्याच इतिहासात आहे. आपले नाट्यसंगीत कानडी, उर्दू, गुजराती चालींवर पोसले गेले, हे आपण जाणतो. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर' संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणली तेव्हा केशवराव भोळे ह्यांनी नवे, सुटसुटीत भावगीत नाटकात आणले, आणि ते गाणाऱ्या ज्योत्स्नाबाई मूळच्या गोव्याच्याच. त्या वेळीही काहींनी नाके मुरडली होती. आज ती गाणी आपण आपला ठेवा मानतो. मग उसनवारीचा हिशेब एकट्या कोकणी गाण्याकडेच का मागावा?

आमच्या जालन्यापुरते बोलायचे तर पाश्चात्य सूर येथे अगदीच अनोळखी होता असेही नाही. एकोणिसाव्या शतकात येथे इंग्रजांची छावणी होती, आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धात रेव्हरंड नारायण शेषाद्री ह्यांनी शहराजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसविली. मराठी ख्रिस्ती उपासनेत पाश्चात्य चालींवरील गीते आणि रेव्हरंड टिळकांची अभंगाच्या धाटणीची भजने शेजारी शेजारी नांदत आली आहेत. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील ही गोष्ट. संस्कृतीचा प्रवाह आपण समजतो तितका एकाच बाजूने वाहत नाही.

आता मी ह्या विषयातील दुःखद भागाकडे येतो.

सत्तरीच्या दशकाच्या पूर्वार्धात ख्रिस पेरी आणि लॉर्नाबाई ह्यांची जोडी फुटली, आणि लॉर्नाबाईंनी गाणे थांबविले. ते पुढे दोन दशकांहून अधिक काळ थांबलेच. कारणांची चर्चा गोव्यात पुष्कळ झाली आहे. तिच्यात शिरण्याचा आपल्याला अधिकार नाही आणि त्यातून गाण्याविषयी काही कळण्यासारखेही नाही. पण त्या मौनाचे मोजमाप करणे मात्र आपले कर्तव्य आहे. थांबल्या तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. परत आल्या तेव्हा पन्नाशी जवळ आली होती. गायिकेच्या आयुष्यातील ही वर्षे कोणती, हे जाणत्यांना सांगायला नको. गळा पिकलेला, समज वाढलेली, दम शाबूत, असा तो काळ. केसरबाईंच्या आयुष्यातून ही वीस-बावीस वर्षे वजा केली, तर मागे काय उरेल, ह्याचा विचार करावा.

आणि ह्या मौनाच्या काळात गाणी मात्र थांबली नव्हती! तबकड्या वाजत होत्या. लग्नांत, सणांत, आखाती देशांत नोकरीस गेलेल्या गोवेकरांच्या खोल्यांत तोच आवाज घुमत होता, आणि त्या आवाजाची धनीण कोठे आहे हे त्यावर नाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना ठाऊक नव्हते. यंत्राने केलेला हा एक विलक्षण चमत्कार आहे. पूर्वी गवई गायचा थांबला की गाणे थांबे, आणि लोकांना त्याची उणीव भासे. तबकडी आली आणि लोकांना गाण्याची उणीव भासेनाशी झाली. त्यामुळे माणसाची उणीवही भासेनाशी झाली. हॉटेलातील वाद्यवृंदाची रचनाच अशी, की नाव नायकाचे, तबकडी कंपनीची, चाल संगीतकाराची, आणि गाणारीचा म्हणावा असा केवळ तिचा श्वास. तो तिने आवरून धरला, की तिच्यापाशी दाखविण्यासारखे काहीच उरत नाही. हा दोष एका व्यक्तीचा नाही. स्त्री कलावंत पुढे उभी राहून गाते खरी, पण तिच्या कलेचा कारभार तिच्या हाती असत नाही, ही आपल्या संगीत-नाटकांपासून तमाशाच्या फडापर्यंत सर्वत्र दिसणारी गोष्ट आहे.

१९९५ साली हे मौन सुटले. त्याचे श्रेय रॉनी मोन्सेरात ह्या तरुण संगीतकाराकडे जाते. ट्रंपेटवादक पीटर मोन्सेरात ह्यांचे ते पुत्र. हे सारे घराणेच वादकांचे. त्यांनी लॉर्नाबाईंना पुन्हा गाण्यास राजी केले, 'हॅलो लॉर्ना' ह्या नावाने नव्या गाण्यांचा संग्रह काढला, आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात पणजीजवळ मिरामारच्या किनाऱ्यावर त्यांचा कार्यक्रम झाला. अफाट गर्दी लोटली. ज्यांनी तो आवाज केवळ तबकडीवर ऐकला होता, अशी एक अख्खी पिढी त्या रात्री तो आवाज एका जिवंत बाईच्या मुखातून ऐकत होती. जुनी आणि नवी ध्वनिमुद्रणे एकामागून एक ऐकली, की वीस वर्षांचे अंतर कानाला जाणवते. आवाज आणखी खाली उतरला आहे, थोडा राकट झाला आहे. पण पूर्वी जेथे जोम होता तेथे आता जाण आहे. तरुणपणी त्या प्रेमाचे शब्द समोरच्याला उद्देशून गात. उत्तरायुष्यात तेच शब्द त्या आठवून गात आहेत असे वाटते. माझ्या मते ह्या दोन्ही काळांतील गाणी जोडीनेच ऐकावी. एकट्या जुन्या गाण्यांवरून मत बनविले तर त्यांचा वकूब अर्धाच कळेल.

ख्रिस पेरी २००२ साली निवर्तले. त्यानंतर बारा वर्षांनी, २०१४ साली, बार्डरॉय बारेटो ह्यांनी 'नाचुंया कुंपासार' हा कोकणी चित्रपट काढला. नावाचा अर्थ 'चला, तालावर नाचू या'. 'कुंपास' हा मूळचा पोर्तुगीज शब्द. संगीतातील मात्रांच्या आवर्तनाला तो लावतात. चित्रपटातील पात्रांची नावे निराळी आहेत, परंतु पेरी ह्यांची सुमारे वीस गीते त्यात नव्याने ध्वनिमुद्रित केली आहेत आणि संगीत मोन्सेरात ह्यांचे आहे. सर्वोत्कृष्ट कोकणी चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, आणि नायिकेची भूमिका करणाऱ्या पालोमी घोष ह्यांचा विशेष उल्लेख झाला. त्यामुळे ह्या गाण्यांना नवे श्रोते मिळाले. मात्र चित्रपट पाहून जे तृप्त झाले त्यांना माझी विनंती आहे, की त्यांनी तेथेच थांबू नये. अनुकृती कितीही निष्ठावंत असली तरी मूळ ध्वनिमुद्रिकेतील तो मात्रेमागे रेंगाळणारा शब्द, ती गंधारावरील खरखर, ही मुळातच ऐकली पाहिजेत.

श्रोतेहो, आपण मराठी माणसे नावे जपण्यात फार दक्ष आहोत. बंदिश कोणाची, घराणे कोणते, तबल्यावर कोण होते, हे विचारल्यावाचून आपली मैफल सुरू होत नाही. हीच दक्षता आपण दुसऱ्या अंगणातल्या कलावंतांविषयी दाखवली नाही. 'अलबेला'ची गाणी आपल्या वडिलांना पाठ होती. त्यातील ट्रंपेट कोणाचे, हे त्यांना कोणी सांगितले नाही, आणि त्यांनी विचारलेही नाही. ही उपेक्षा द्वेषातून झालेली नाही. ती आळसातून झाली, म्हणूनच ती दूर करणे सोपे आहे. एक संध्याकाळ काढावी. घरातील वडीलधाऱ्यांना आणि मुलांना एकत्र बसवावे. आधी सी. रामचंद्रांचे एखादे गाणे लावावे, आणि त्याच्या लगोलग लॉर्नाबाईंचे 'तुझो मोग'. शब्दांसाठी कोशाची गरज पडणार नाही. मालवणी ऐकलेल्या माणसाला तर मुळीच नाही. दोन्ही गाण्यांतील ट्रंपेट एकमेकांना ओळखतात की नाही, एवढेच पाहावे. मग त्या आवाजाचे नाव मुलांना सांगावे, पुन्हा एकदा सांगावे, आणि त्यांनी ते विसरू नये म्हणून तबकडीची दुसरी बाजू लावावी.